कॅस्पियन : बाहेर वाट नसलेला समुद्र

'जगातील सर्वांत मोठे सरोवर कोणते?' या प्रश्नाचे उत्तर आम्ही अनेक वर्षे फळ्यावर लिहून देत आलो : 'कॅस्पियन समुद्र'. एका गुणाचा प्रश्न आणि दोन शब्दांचे उत्तर. एकदा नववीच्या वर्गातील एका मुलाने ते उत्तर वहीत उतरवून घेतले आणि हात वर केला. "सर, सरोवर आहे तर त्याला समुद्र का म्हणायचे? आणि समुद्र असेल तर तो सरोवरांत पहिला कसा?" वर्ग हसला. 'पुढच्या तासाला सांगतो' असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. त्या सायंकाळी पुस्तके काढून बसलो, तेव्हा ध्यानात आले की त्या मुलाचा प्रश्न पोरकट नव्हता. याच प्रश्नावर पाच राष्ट्रे वीस वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी करीत होती. त्या मुलाला आणि त्याच्यासारख्या सर्वांना द्यावयाचे उत्तर आम्ही प्रस्तुत लेखात थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

स्थान आणि स्वरूप

कॅस्पियन समुद्र युरोप आणि आशिया या दोन खंडांच्या सीमेवर आहे. त्याच्या पश्चिमेस काकेशस पर्वत, दक्षिणेस इराणमधील एल्बुर्झ पर्वताची भिंत, पूर्वेस काराकुमचे वाळवंट आणि उत्तरेस रशिया व कझाकस्तान यांचा अफाट गवताळ प्रदेश आहे. रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण आणि अझरबैजान ही पाच राष्ट्रे त्याच्या काठावर वसलेली आहेत. दक्षिणोत्तर लांबी सुमारे १,२०० किलोमीटर व सरासरी रुंदी सुमारे ३२० किलोमीटर आहे. क्षेत्रफळ सुमारे ३,७१,००० चौरस किलोमीटर मानले जाते. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपले सबंध राज्य त्यात ठेवले तरी चहूबाजूंनी पाणी उरेल. पृथ्वीवरील सर्व सरोवरांत मिळून जेवढे पाणी आहे, त्यापैकी सुमारे चाळीस टक्के पाणी एकट्या कॅस्पियनमध्ये आहे.

त्याचे तीन भाग पडतात. उत्तरेचा भाग अत्यंत उथळ असून त्याची सरासरी खोली पाच-सहा मीटरच भरते. हिवाळ्यात तेथील पाणी गोठते. मधला भाग बराच खोल आहे, आणि दक्षिणेचा भाग सर्वांत खोल, म्हणजे काही ठिकाणी हजार मीटरांहूनही अधिक आहे. उत्तरेच्या बर्फावर सील हा प्राणी पिलांना जन्म देतो, तर दक्षिणेस इराणच्या गिलान व माझंदरान प्रांतांत भरपूर पाऊस पडतो आणि भात व चहा पिकतो. एकाच जलाशयाच्या दोन टोकांना इतके भिन्न हवामान क्वचितच आढळते.

हा जलाशय मुळात महासागराचाच अंश होय. फार प्राचीन काळी मध्य युरोपपासून मध्य आशियापर्यंत एक विस्तीर्ण समुद्र पसरलेला होता. भूपृष्ठाच्या हालचालींनी पर्वत उचलले गेले आणि सुमारे ५५ लाख वर्षांपूर्वी कॅस्पियन काळ्या समुद्रापासून तुटून एकटा पडला. जन्माने तो समुद्र आहे, पण वाट बंद झाल्यामुळे आज त्याची गणना सरोवरांत होते. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे भूगोलाने दिलेले उत्तर एवढेच आहे.

पाण्याचा जमाखर्च

बाहेर वाट नसणे याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, तापी अरबी समुद्राला मिळते, आणि सर्व महासागर एकमेकांना जोडलेले असल्यामुळे त्यांची पातळी जगभर साधारण एकच राहते. कॅस्पियनची पातळी मात्र या सर्वांपासून स्वतंत्र आहे. ती जागतिक समुद्रसपाटीच्या सुमारे २८ मीटर खाली आहे. त्याच्या काठावर उभा असलेला कोळी मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळ्यापेक्षा आठ-नऊ मजले खाली उभा असतो.

कॅस्पियनमध्ये येणाऱ्या नदीजलापैकी सुमारे ८० टक्के पाणी एकटी व्होल्गा नदी आणते. सुमारे ३,५३० किलोमीटर लांबीची ही युरोपातील सर्वांत मोठी नदी आहे. उरल, तेरेक, कुरा, सेफिदरूद आदी नद्या उरलेला वाटा देतात. आलेले पाणी बाहेर जाण्यास सूर्याखेरीज दुसरा मार्ग नाही. दरवर्षी सुमारे एक मीटर जाडीचा पाण्याचा थर वाफ होऊन जातो. आवक अधिक झाली की पातळी चढते, बाष्पीभवन अधिक झाले की उतरते. शेतकऱ्याच्या घरातील कणगीप्रमाणे हा उघड जमाखर्च आहे. येथे काहीही लपत नाही.

पाणी वाफ होऊन गेले तरी मीठ मागे राहते. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर खारट होण्यास हेच एक कारण आहे. मग लाखो वर्षे बंदिस्त असलेल्या कॅस्पियनची क्षारता महासागराच्या सुमारे एक-तृतीयांशच कशी? व्होल्गाच्या गोड्या पाण्याचा त्यात मोठा वाटा आहे. शिवाय पूर्व किनाऱ्यावर कारा-बोगाझ-गोल नावाचे एक विस्तीर्ण, उथळ आखात आहे. तुर्की भाषेतील या नावाचा अर्थ 'काळ्या घशाचे सरोवर' असा होतो. एका अरुंद सामुद्रधुनीतून कॅस्पियनचे पाणी या वाळवंटी आखातात शिरते, तेथे वेगाने आटते आणि मीठ तळाशी बसते. शरीरात मूत्रपिंडाचे जे काम, ते काम हे आखात कॅस्पियनसाठी करते.

याच आखाताच्या बाबतीत माणसाने एक मोठी चूक केली. १९२९ ते १९७७ या काळात कॅस्पियनची पातळी सुमारे तीन मीटर खाली गेली होती. हे आखात पाणी फुकट घालविते, अशी सोविएत नियोजनकारांची समजूत झाली, आणि १९८० साली त्यांनी आखाताचे तोंड बांध घालून बंद केले. चारेक वर्षांत आखात कोरडे पडले. उघड्या पडलेल्या मिठाची धूळ वाऱ्याने उडू लागली. तेथे निर्माण होणाऱ्या बहुमोल क्षारांवर चालणारा उद्योग संकटात आला. आणि ज्यासाठी हे सारे केले, ती समुद्राची पातळी १९७८ पासूनच आपोआप वाढू लागली होती. १९९५ पर्यंत ती सुमारे अडीच मीटर चढली, आणि किनाऱ्यावरील वस्त्या व शेते पाण्याखाली गेली. अखेरीस १९९२ मध्ये तो बांध काढून टाकावा लागला. एका बाजूचा जमाखर्च पाहून निर्णय घेतला, पण तोवर वहीचे पान उलटले होते.

ग्रंथ आणि प्रत्यक्ष

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला आणखी एक गोष्ट फार बोधप्रद वाटते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने कॅस्पियन हा स्वतंत्र समुद्र असून तो अन्य कोणत्याही समुद्राला मिळत नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. ते बरोबर होते. पुढे पॅट्रोक्लिस नावाच्या नौदल अधिकाऱ्याने त्याच्या काही भागाची पाहणी केली आणि हा समुद्र उत्तर महासागराला जोडलेला आहे, असा समज रूढ झाला. स्ट्रॅबोसारख्या मोठ्या भूगोलकारानेही तोच स्वीकारला. दुसऱ्या शतकात टॉलेमीने कॅस्पियन बंदिस्त असल्याचे पुन्हा मांडले, तरीही जुनी चूक मध्ययुगीन युरोपच्या ग्रंथांत टिकून राहिली. तेराव्या शतकात विल्यम ऑफ रुब्रुक हा धर्मोपदेशक मंगोलांच्या राजधानीकडे गेला, तेव्हा त्याने या समुद्राच्या कडेने प्रवास करून ग्रंथातील विधान खोटे असल्याचे लिहिले.

म्हणजे सत्य प्रथम सांगितले गेले, मग मोठ्या नावांच्या भाराखाली दडपले गेले आणि पायी चालणाऱ्या माणसाने ते पुन्हा वर काढले. एखादी गोष्ट ग्रंथात आहे किंवा थोर पुरुषाने सांगितली आहे, म्हणून ती मानू नये, हे आपण ज्या परंपरेतून शिकलो तिच्या अभ्यासकांना या उदाहरणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

काठावरची माणसे

कॅस्पियन हा फार जुना व्यापारी मार्ग आहे. पश्चिम किनाऱ्यावरील दर्बंद येथे पर्वत आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळी वाट अडविण्यासाठी सहाव्या शतकात इराणच्या सासानी राजांनी दगडी तटबंदी उभारली. ती आजही उभी आहे. उत्तरेस व्होल्गाच्या मुखाजवळील आस्त्राखान नगरात सतराव्या शतकापासून भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती होती. बाकूजवळ सुराखानी येथे जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूच्या ज्वालांभोवती अग्निमंदिर उभे राहिले. त्याच्या भिंतींवर देवनागरी आणि गुरुमुखी लिपींतील शिलालेख आजही वाचता येतात.

याच समुद्राने एका प्रवाशाला आपल्या कोकणात आणून सोडले. अफानासी निकितीन हा रशियातील त्वेर नगराचा व्यापारी. पंधराव्या शतकात तो व्होल्गा नदीने खाली उतरला. आस्त्राखानजवळ त्याला लुटले गेले. कॅस्पियन ओलांडून तो इराणमध्ये आला आणि होर्मुझहून एक घोडा घेऊन १४६९ च्या सुमारास आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल बंदरात उतरला. तेथून जुन्नर आणि पुढे बहमनी राजधानी बीदर असा त्याचा प्रवास झाला. त्याच्या प्रवासवृत्ताच्या नावात ज्या तीन समुद्रांचा निर्देश आहे, त्यांतील पहिला कॅस्पियन होय. येथील लोकांविषयी त्याने एक गोष्ट विशेष नोंदविली आहे : या देशात अनेक पंथ असून एका पंथाचा माणूस दुसऱ्याच्या हातचे खात-पीत नाही की त्याच्याशी सोयरीक करीत नाही. परदेशी व्यापाऱ्याच्या नजरेला पहिल्याच भेटीत जे खटकले, ते याच जिल्ह्यातील महाडला १९२७ साली चवदार तळ्याच्या काठावर जाहीरपणे विचारले जाईपर्यंत साडेचार शतके लोटली.

या समुद्राच्या वायव्य किनाऱ्याशी आपले आणखी एक नाते आहे. तेथे काल्मिकिया हे रशियन संघराज्यातील प्रजासत्ताक आहे. बौद्ध धम्म हा बहुसंख्य लोकांचा परंपरागत धर्म असलेला युरोपातील तो एकमेव प्रदेश होय. काल्मिक हे मूळचे पश्चिम मंगोल. सतराव्या शतकाच्या प्रारंभी ते पशुधनासह व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यात आले आणि तिबेटी परंपरेचा धम्म त्यांनी बरोबर आणला. झारशाहीच्या जाचाला कंटाळून १७७१ च्या हिवाळ्यात सुमारे दीड लाख काल्मिक पूर्वेकडे आपल्या मूळ भूमीत परत निघाले, आणि त्यांतील फार मोठा भाग वाटेतच मृत्युमुखी पडला. व्होल्गाच्या पश्चिम तीरावरील लोक मात्र मागे राहिले, कारण त्या वर्षी नदी वेळेवर गोठली नाही आणि त्यांना ती ओलांडता आली नाही. आजचे काल्मिक हे मुख्यतः त्या मागे राहिलेल्यांचे वंशज आहेत.

त्यांचे हाल तेथे संपले नाहीत. १९३० च्या दशकात त्यांची विहारे नष्ट करण्यात आली. २८ डिसेंबर १९४३ रोजी, शत्रूशी हातमिळवणी केल्याचा ठपका सबंध समाजावर ठेवून, नव्वद हजारांहून अधिक काल्मिकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात हद्दपार करण्यात आले. काहींच्या कथित गुन्ह्यासाठी जन्मावरून सर्वांना शिक्षा देण्याचा हा प्रकार होता. थंडीने आणि उपासमारीने हजारो माणसे मेली. १९५७ मध्ये त्यांना परतण्याची मुभा मिळाली. राजधानी एलिस्ता येथे २००५ साली शाक्यमुनी बुद्धांचे भव्य विहार उभे राहिले. हद्दपारीच्या स्मरणदिनाच्या आदल्या दिवशी, २७ डिसेंबरला, त्याचे उद्घाटन झाले. नकाशावर कॅस्पियनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवताना आमच्या विद्यार्थ्यांनी हे स्मरावे.

तेल आणि वाटणी

आधुनिक जगाने कॅस्पियनकडे पाहिले ते तेलासाठी. बाकूजवळ बिबी-हैबत येथे १८४६ साली यंत्राने तेलविहीर खोदण्यात आली. १८७९ मध्ये नोबेल बंधूंनी तेथे आपली तेल कंपनी स्थापन केली. विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील खनिज तेलापैकी जवळजवळ निम्मे तेल एकट्या बाकू परिसरातून निघत होते. १९४९ पासून तर भर समुद्रात खांबांवर उभारलेले तेलकामगारांचे एक सबंध गाव अस्तित्वात आले. बाहेर वाट नसल्यामुळे येथील तेल जगाच्या बाजारात नेण्यास लांबलचक नळवाहिन्या लागतात. बाकूपासून तुर्कस्तानातील जेहान बंदरापर्यंतची वाहिनी १,७६८ किलोमीटर लांब आहे.

१९९१ पर्यंत काठावर दोनच राष्ट्रे होती : सोविएत संघ आणि इराण. १९२१ व १९४० च्या करारांवर त्यांचे भागत होते. सोविएत संघ फुटला आणि दोनाची पाच राष्ट्रे झाली. मग आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न कोट्यवधींच्या मोलाचा झाला. कॅस्पियन हा समुद्र मानला, तर आंतरराष्ट्रीय सागरी कायदा लागू होणार आणि ज्याचा किनारा लांब त्याला मोठा वाटा मिळणार. तो सरोवर मानला, तर काठावरच्या राष्ट्रांनी आपसांत वाटणी ठरवावयाची. किनारा आखूड असलेल्या इराणने पाच समान वाट्यांचा आग्रह धरला, तर लांब किनाऱ्याच्या कझाकस्तानला मध्यरेषेने होणारी विभागणी सोयीची होती. नाव कोणते द्यावे हा वरवर शब्दांचा वाद होता, पण कोणाच्या पदरात काय पडणार, हे त्यावर ठरणार होते.

१२ ऑगस्ट २०१८ रोजी कझाकस्तानातील अक्ताऊ येथे पाचही राष्ट्रांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. कॅस्पियनला त्यांनी पूर्णपणे समुद्रही ठरविले नाही आणि सरोवरही ठरविले नाही, तर त्याला एक विशेष दर्जा दिला. किनाऱ्यापासून १५ सागरी मैलांपर्यंतचे पाणी त्या त्या राष्ट्राचे, त्यापुढील १० मैलांत मासेमारीचा हक्क त्याचा, आणि उरलेले पाणी सर्वांचे सामाईक. तळाची वाटणी शेजाऱ्यांनी परस्पर कराराने करावी, असे ठरले. पाचांखेरीज अन्य कोणाचे सैन्य तेथे येऊ नये, हेही मान्य झाले.

भारताचाही या समुद्राशी व्यवहार आहे. सप्टेंबर २००० मध्ये रशिया, इराण आणि भारत यांनी उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाचा करार केला. मुंबईहून जहाजाने बंदर अब्बास, तेथून जमिनीने कॅस्पियनचा किनारा, मग आस्त्राखान आणि मॉस्को असा हा मार्ग आहे. निकितीन ज्या वाटेने आला, तीच वाट उलट दिशेने पुन्हा उघडण्याचा हा प्रयत्न होय.

उतरती पातळी

तळ वाटून घेता आला, पण पाणी हातून निसटत आहे. १९९५ नंतर कॅस्पियनची पातळी पुन्हा उतरू लागली. त्यानंतरच्या वीस वर्षांत ती दरवर्षी सरासरी सहा-सात सेंटिमीटर घटली. तापमान वाढल्यामुळे वाढलेले बाष्पीभवन हे याचे प्रमुख कारण असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. जगाची तापमानवाढ रोखली गेली नाही, तर या शतकाच्या अखेरीपर्यंत पातळी ९ ते १८ मीटर खाली जाऊ शकते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. उत्तरेच्या भागाची सरासरी खोली पाच-सहा मीटर आहे, हे येथे आठवावे. त्या हिशेबाने उत्तर कॅस्पियनचा बहुतेक तळ उघडा पडेल. जगातील इतर महासागरांची पातळी वाढत असताना ही आटत आहे. कारण एकच, परिणाम मात्र उलटे.

याची झळ प्रथम मुक्या जिवांना लागते. डायनासोरांच्या काळापासून टिकून राहिलेला स्टर्जन मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत वर चढतो. व्होल्गावरील धरणांनी त्याची वाट अडविली. त्याच्या अंड्यांना, म्हणजे कॅव्हिअरला, श्रीमंतांच्या बाजारात अफाट किंमत असल्यामुळे १९९१ नंतर चोरट्या मासेमारीला ऊत आला. बेलुगा जातीची मादी प्रथम अंडी घालण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ घेते, त्यामुळे एकदा मारलेली पिढी लवकर भरून निघत नाही. कॅस्पियन सील हा या समुद्रातील एकमेव सस्तन प्राणी आहे. तो जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही आणि २००८ पासून संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दागेस्तानच्या किनाऱ्यावर सुमारे अडीच हजार सील मेलेले सापडले. महासागरातील सील पाणी दूषित झाले तर दूर जाऊ शकतो. याला जाण्यास दुसरे पाणी नाही.

काठावरील माणसांचीही स्थिती याहून फार वेगळी नाही. बंदिस्त समुद्रात एकाने सोडलेले तेल दुसऱ्याच्या किनाऱ्याला लागते, आणि एकाने नदीवर अडविलेले पाणी पाचांच्याही वाट्यातून वजा होते. ही जाणीव ठेवूनच या पाच राष्ट्रांनी २००३ मध्ये तेहरान येथे समुद्राच्या पर्यावरण रक्षणाचा करार केला. वाटणीचा करार होण्यापूर्वी पंधरा वर्षे रक्षणाचा करार झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. तो किती पाळला जातो, हे पाण्याची पातळी आणि सीलांची संख्याच सांगेल.

आता त्या विद्यार्थ्याचे उत्तर. कॅस्पियन जन्माने समुद्र आहे, भूगोलाच्या वर्गीकरणात सरोवर आहे, आणि कायद्याने दोहोंहून वेगळा आहे. परीक्षेत एक गुण मिळविण्यासाठी 'कॅस्पियन समुद्र' एवढेच लिहावे. पण वहीत त्याचा नकाशा काढाल, तेव्हा आमची एक सूचना लक्षात ठेवा. दक्षिणेचा किनारा शाईने काढला तरी चालेल. उत्तरेचा किनारा मात्र पेन्सिलीनेच काढावा. आपल्या शाळेतील भिंतीवरचा नकाशा छापला गेला, त्यानंतर तो किनारा बराच खाली सरकलेला आहे.